किशोरवयीन मुलांचा मोबाईलवरील छळ : स्वरूप, परिणाम व आपले कर्तव्य



मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईल फोनवर आले. ज्या घरांत तोपर्यंत एकच साधा फोन जपून वापरला जात होता, त्या घरांतील आई-वडिलांनी उसनवारी करून, हप्ते बांधून मुलांसाठी स्मार्टफोन घेतला. साथ ओसरली, शाळा उघडल्या, पण फोन मुलांच्या हातातच राहिला. आज अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, शिकवणीच्या नोट्स, परीक्षेचे वेळापत्रक हे सारे त्याच फोनवर येते. आपल्या मुलांच्या शिक्षणाचा तो एक दरवाजाच झाला आहे.

परंतु त्याच दरवाजाने एक नवा छळही घरात शिरला आहे. त्याला सायबर बुलिंग असे नाव आहे. शाळेच्या मैदानावरची दांडगाई आपल्याला माहीत आहे. तिच्या खुणा अंगावर दिसतात. ह्या छळाच्या खुणा अंगावर दिसत नाहीत. म्हणूनच तो घरच्यांच्या लक्षात उशिरा येतो, आणि लक्षात आल्यावर बहुतेक घरांत पहिली गोष्ट कोणती होते, तर मुलाच्या हातातला फोन काढून घेतला जातो. मुलगी असेल तर कधी कधी तिचे कॉलेजच बंद होते. ज्याने छळ केला तो मोकळा, आणि जिचा छळ झाला तिला शिक्षा, हा कोठला न्याय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

छळ कशाला म्हणावे?

मित्रामित्रांतील थट्टामस्करी म्हणजे छळ नव्हे, आणि दोन बरोबरीच्या मुलांचे भांडण म्हणजेही छळ नव्हे. मग छळ कोणता? ह्या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रथम स्कँडिनेव्हियात झाला. डॅन ओल्वेउस ह्या मानसशास्त्रज्ञाने शाळांतील दांडगाईचा अभ्यास १९७० च्या दशकात सुरू केला. पुढे १९८२ साली नॉर्वेत तीन मुलांनी छळाला कंटाळून आपले जीवन संपविल्यावर तेथील शासन जागे झाले व १९८३ साली देशभर शाळांतून मोहीम सुरू झाली. ओल्वेउस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली आहेत. पहिले, समोरच्याला दुखविण्याचा हेतू. दुसरे, ते वर्तन पुनःपुन्हा घडणे. तिसरे, छळणारा व छळला जाणारा यांच्या बळात तफावत असणे. हे बळ शरीराचेच असते असे नाही. संख्येचे, पैशाचे, जातीचे, लोकप्रियतेचे किंवा एखादे गुपित हाती असल्याचेही बळ असते.

ही तीन लक्षणे मोबाईलवरील छळालाही लागू पडतात. मात्र फोनमुळे त्यात चार गोष्टींची भर पडते, त्या नीट समजून घेतल्या पाहिजेत.

(१) वेळ व जागेची मर्यादा राहत नाही. पूर्वी शाळा सुटली की मूल घरी येऊन सुटकेचा श्वास घेत असे. आता रात्री अंथरुणातही तो छळ उशाशी असतो.

(२) पाहणारे अगणित होतात. वर्गातील पाच-दहा मुलांऐवजी सारे गाव, सारा तालुका पाहतो.

(३) मजकूर पुसला जात नाही. एकदा पाठविलेले चित्र किती जणांनी जपून ठेवले हे कोणासच सांगता येत नाही. एकाच चित्राची शंभर माणसे शंभर वेळा देवाणघेवाण करतात, म्हणजे ‘पुनःपुन्हा’ हे लक्षण आपोआपच पुरे होते.

(४) छळणाऱ्याचा चेहरा झाकलेला असतो. समोरच्याच्या डोळ्यांतले पाणी त्याला दिसत नाही, म्हणून त्याची जीभ अधिकच सैल सुटते.

छळाचे नेहमीचे प्रकार

आपल्या वस्तीतील व शाळांतील मुलांशी बोलताना जे प्रकार वारंवार कानी येतात, ते असे : वर्गाच्या ग्रुपवर एखाद्याच्या रंगावरून, शरीरावरून, बोलण्यावरून नावे ठेवणे, दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते काढून घाणेरडा मजकूर टाकणे, मुद्दाम एकाला वगळून बाकीच्यांचा ग्रुप करणे व तेथे त्याची निंदा करणे, मुलीचा साधा फोटो घेऊन त्यात फेरफार करून पसरविणे, आणि खाजगी फोटो अथवा संभाषण उघड करण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो मागणे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोणाचाही चेहरा कोणत्याही शरीरावर बसविता येऊ लागला आहे. त्यामुळे ज्या मुलीने कधीच कोणाला फोटो पाठविला नाही तिच्यावरही ही आपत्ती येऊ शकते. ‘तिने काही केले असेल म्हणूनच’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तीन घटना, तीन धडे

पहिली घटना आपल्याच देशातील आहे. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत सीतापूर जिल्ह्यातील एक मुलगी ६०० पैकी ५९१ गुण मिळवून राज्यात पहिली आली. तिचा फोटो प्रसिद्ध झाला आणि हजारो अनोळखी लोकांनी तिच्या गुणांऐवजी तिच्या चेहऱ्यावरील केसांची चर्चा सुरू केली. अभिनंदनाच्या दिवशी तिच्या वाट्याला हेटाळणी आली. एक-दोन गुण कमी पडले असते तर बरे झाले असते, म्हणजे हे सारे झाले नसते, अशा अर्थाचे ती नंतर मुलाखतीत बोलली. वाचकहो, ह्या वाक्याचा विचार करा. राज्यात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीला आपले यशच नकोसे वाटावे, ही ह्या छळाची ताकद आहे. तिच्या बाजूनेही पुष्कळ लोक उभे राहिले व ती खचली नाही, ही समाधानाची गोष्ट. धडा असा की, छळ होण्यासाठी मुलाची काही चूक असावीच लागते असे नाही.

दुसरी घटना अमेरिकेतील मिसुरी राज्यातील, २००६ सालची. एका तेरा वर्षांच्या मुलीशी मायस्पेस ह्या संकेतस्थळावर एका ‘मुलाने’ मैत्री केली, काही आठवडे गोड बोलला आणि मग एकाएकी तिला अत्यंत क्रूर बोलू लागला. त्या मुलीने आपला प्राण गमावला. पुढे उघड झाले की तसा मुलगा अस्तित्वातच नव्हता. ते खाते काढण्यात शेजारच्याच घरातील एका प्रौढ स्त्रीचा हात होता. २००८ साली ज्यूरीने तिला किरकोळ गुन्ह्यांत दोषी धरले, पण लावलेला संगणकविषयक कायदा ह्या कृत्याला बसत नाही म्हणून २००९ मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला. मिसुरी राज्याने मात्र २००८ सालीच आपला छळविरोधी कायदा सुधारला. धडा असा की, पडद्यामागचा अनोळखी माणूस पुष्कळदा ओळखीचाच असतो.

तिसरी घटना कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील. एका शाळकरी मुलीचे खाजगी चित्र हाती लागलेल्या एका माणसाने तिला वर्षानुवर्षे धमकावले व ते चित्र तिच्या ओळखीच्यांत पसरविले. तिने शाळा बदलली, तरी ते चित्र तिच्या पाठोपाठ तेथेही पोहोचले आणि नव्या शाळेतील मुलेही तिला छळू लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये तिने आपली कहाणी कागदांवर लिहून एका चित्रफितीत जगापुढे मांडली व पुढच्याच महिन्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती गेली. धमकावणारा हजारो मैलांवर नेदरलँड्समध्ये राहत होता. २०२२ साली कॅनडाच्या न्यायालयाने त्याला १३ वर्षांची शिक्षा सुनावली. धडा असा की, गाव किंवा शाळा बदलून हा छळ थांबत नाही, आणि गुन्हेगार दूर आहे म्हणून तो सापडत नाही असेही नाही.

मनावर व शिक्षणावर होणारे परिणाम

युनिसेफने २०१९ साली ३० देशांतील तरुणांची मते जाणून घेतली. त्यांपैकी तिघांत एकाने आपला ऑनलाईन छळ झाल्याचे सांगितले, आणि पाचांत एकाने त्यापायी शाळा बुडविल्याचे सांगितले. आपल्या समाजाच्या दृष्टीने दुसरा आकडा अधिक गंभीर आहे. ज्या घरात शिक्षणाची पहिली किंवा दुसरीच पिढी आहे, त्या घरात बुडालेला एकेक दिवस महाग असतो. सततच्या गैरहजेरीतून नापासी, नापासीतून शाळा सोडणे आणि त्यातून लहान वयातील मजुरी अथवा लग्न, ही वाट आपल्याला अपरिचित नाही.

तेरा ते अठरा हे वय असे असते की, आई-वडिलांच्या शाबासकीपेक्षा सोबत्यांचे मत मोठे वाटते. त्या वयात सोबत्यांनीच हिणविले तर मूल स्वतःलाच दोषी समजू लागते. झोप उडते, जेवण कमी होते, डोके-पोट दुखण्याच्या तक्रारी वाढतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. मूल फोन वाजला की दचकते, कोणी जवळ आले की पडदा झाकते, आवडीचे खेळ व मित्र सोडते. काही मुले चिडखोर होतात, तर काही स्वतःच दुसऱ्या दुबळ्या मुलाला छळू लागतात. ‘मी नसलो तर बरे’ असे शब्द मुलाच्या तोंडून आले तर ते नाटक समजू नये. त्या क्षणापासून त्याला एकटे सोडू नये व तातडीने मदत घ्यावी.

मुले सांगत का नाहीत?

ह्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनी मुलांत न शोधता स्वतःच्या वागण्यात शोधावे, असे आम्हांस वाटते. मुलाला ठाऊक असते की सांगितले तर पहिला प्रश्न येईल, ‘तू त्या ॲपवर गेलासच कशाला?’ मुलीला ठाऊक असते की फोन जाईल, मैत्रिणी तुटतील, भाऊ चिडून मारामारीला जाईल आणि कदाचित शिक्षणही थांबेल. छळ आणि शिक्षा ह्या दोहोंतून तिला एक निवडायचे असते. ती मुकाट्याने छळ निवडते. धमकावणारा माणूस नेमका ह्याच भीतीवर जगतो. ‘तुझ्या घरी सांगेन’ एवढे तीन शब्द त्याला पुरतात.

ज्या दिवशी मुलाची खात्री होईल की घरी सांगितल्याने आपले काही जाणार नाही, त्या दिवशी धमकीचे निम्मे बळ संपेल. म्हणून मुलाने तोंड उघडताच आई-बापाचे पहिले वाक्य असे असावे : ‘बरे झाले सांगितलेस. तुझी शाळा बंद होणार नाही. आपण मिळून मार्ग काढू.’ चौकशी, सल्ला, शिस्त हे सारे नंतर. मुलाकडून खरोखर काही अविचार घडला असला, तरी तो अविचार आणि त्याचा गैरफायदा घेणे ह्या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

गप्प बसणाऱ्यांची जबाबदारी

मे २०२० मध्ये दिल्ली परिसरातील शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरील एक ग्रुप उघडकीस आला. त्यात अल्पवयीन मुलींचे फोटो टाकून अश्लील चर्चा चालत असे. पोलिसांनी तपास करून ग्रुप चालविणाऱ्यास अटक केली. चांगल्या शाळांतील, सुशिक्षित घरांतील मुले त्यात होती. अशा ग्रुपमध्ये लिहिणारे थोडे व नुसते वाचणारे पुष्कळ असतात. ‘मी काही लिहिले नाही’ असे म्हणून वाचणाऱ्याची सुटका होते काय?

बौद्ध विचारात अकुशल वाणीचे चार प्रकार सांगितले आहेत : असत्य, चहाडी, कठोर वचन आणि निरर्थक बडबड. मोबाईलवरील छळात हे चारही एकत्र येतात. खोटे खाते हे असत्य, गुपचूप ग्रुपवरील निंदा ही चहाडी, शिव्या हे कठोर वचन, आणि विचार न करता बोटाने पुढे ढकललेला फॉरवर्ड ही निरर्थक बडबड. पहिल्या तिघांना आपण दोष देतो, चौथ्याला मात्र विसरतो. परंतु फॉरवर्ड करणारे हात नसतील, तर छळणाऱ्याचे म्हणणे त्याच्या फोनमध्येच पडून राहील. विद्यार्थी मित्रहो, ग्रुपवर कोणाची विटंबना होत असेल तर निदान तीन गोष्टी तुम्ही करू शकता. पुढे पाठवू नका. हसण्याचे चिन्ह टाकू नका. आणि ज्याची विटंबना झाली त्याला वेगळा निरोप पाठवून ‘मी तुझ्या बाजूने आहे’ असे कळवा. भर ग्रुपमध्ये विरोध करण्याचे धैर्य झाले तर उत्तमच.

जातीवरून होणारा छळ व कायदा

आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक प्रकार येतो. चौदा एप्रिलला स्टेटस ठेवले, आरक्षणातून प्रवेश मिळाला किंवा नुसते आडनाव कळले, तरी जातीवाचक टोमणे सुरू होतात. हे टोमणे ‘गंमत’ म्हणून सोडून देऊ नयेत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला इतरांनी लोकांसमक्ष जातीवरून हिणविणे हा गुन्हा आहे, आणि अनुसूचित जातीतून धर्मांतरित झालेल्या बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. इंटरनेटवर टाकलेला अपमानकारक मजकूरही ‘लोकांसमक्ष’ ह्या व्याख्येत येऊ शकतो, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली एका चित्रफितीच्या प्रकरणात घेतली.

इतर कायदेही माहीत असावेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-सी दुसऱ्याची ओळख चोरण्यास, ६६-डी तोतयेगिरी करून फसविण्यास, ६६-ई खाजगीपणाचा भंग करण्यास, तर ६७ व ६७-बी अनुक्रमे अश्लील मजकूर व बालकांचे अश्लील चित्रण यांस लागू होते. भारतीय न्याय संहितेत कलम ७८ मुलीचा वा स्त्रीचा पाठलाग करण्याबद्दल असून त्यात इंटरनेटवरील पाळतही येते, आणि कलम ३५१ धमकीबद्दल आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. महाविद्यालयातील रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे.

मात्र कलम ६६-ए चे नाव कोणी घेतले तर ते आता लागू नाही हे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मजकुरावरून अटक झाली होती. त्यानंतर चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच रद्द केले. मतभेद व्यक्त करणे वेगळे आणि छळ वेगळा, हा भेद त्यातून शिकावा.

छळणारे मूल अठरा वर्षांखालचे असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. कायदा त्याला सुधारण्याची संधी देतो. तेही कोणाचे तरी, कदाचित आपलेच, लेकरू असते. त्याला पाठीशी घालू नये, तसेच त्याचे आयुष्य उद्ध्वस्तही करू नये.

प्रत्यक्ष काय करावे?

(१) उत्तर देऊ नका, शिवीला शिवी देऊ नका, पैसे किंवा फोटो तर मुळीच देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.

(२) पुरावा ठेवा. मजकुराचा, खात्याच्या नावाचा व दिनांकाचा स्क्रीनशॉट घ्या, खात्याची लिंक लिहून ठेवा. रागाने सारे पुसून टाकू नका. बालकाचे अश्लील चित्र असेल तर ते पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नका, फोन थेट पोलिसांना दाखवा.

(३) मग ते खाते ब्लॉक करा व त्या ॲपवरच तक्रार नोंदवा. २०२१ च्या नियमांनुसार ह्या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. अठरा वर्षांखाली काढलेले खाजगी चित्र पसरू नये यासाठी ‘टेक इट डाऊन’ ही विनामूल्य सेवा आहे. तेथे चित्र पाठवावे लागत नाही, त्याचा अंकीय ठसा तेवढा घेतला जातो.

(४) राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर अथवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. स्त्रिया व बालकांविषयीच्या काही तक्रारी पोर्टलवर नाव न देताही करता येतात. पैसे उकळले गेले असल्यास १९३० ह्या क्रमांकावर लगेच फोन करा. संकटातील बालकांसाठी १०९८, आणि मन खचले असेल तर टेलिमानस १४४१६ हे क्रमांक आहेत.

(५) शाळेला लेखी कळवा व अर्जाची पोच घ्या. तोंडी सांगितलेले विसरले जाते.

(६) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाची शाळा, शिकवणी, परीक्षा चालू ठेवा. फोन काही दिवस बाजूला ठेवण्याची मुलाचीच इच्छा असेल तर अभ्यासासाठी घरच्या दुसऱ्या फोनची सोय करा.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. थट्टा व छळ यांतील फरक तीन लक्षणांच्या आधारे सांगा.
२. वर्गाच्या ग्रुपवर एका मुलीचा फेरफार केलेला फोटो आला. तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत काय कराल?
३. तुमच्या घरी कोणती एक गोष्ट बदलली, तर तुम्ही अशा वेळी न घाबरता आई-वडिलांना सांगाल? हे उत्तर लिहून त्यांना वाचावयास द्या.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनी रागावल्याविना वाचावे, एवढीच आमची विनंती आहे. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक अभ्यासिकेत निदान एक जाणती ताई किंवा दादा असा असावा की ज्याच्यापाशी मूल न भिता जाईल, आणि जो त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत जाईल. संस्थेच्या सभासदांनी हे काम अंगावर घ्यावे. फोनवरून आलेल्या चार वाईट शब्दांमुळे आपल्या समाजातील एकाही मुलीचे दप्तर घरात पडून राहता कामा नये.